गो भाषेत कॉन्फिग फाइल: वाचायची कशी आणि तिच्यावर विश्वास किती ठेवायचा

नवा सर्व्हर लिहिताना पोर्टचा आकडा आपण थेट कोडमध्ये ठोकतो. ८०८०, झालं. मग दुसऱ्या मशीनवर तोच पोर्ट आधीच कुणीतरी अडवलेला निघतो आणि एक आकडा बदलण्यासाठी कोड उघडा, बिल्ड करा, नवी बायनरी तिकडे नेऊन ठेवा अशी सगळी वरात काढावी लागते. पायथनमध्ये निदान त्याच मशीनवर फाइल उघडून आकडा बदलता येतो. कंपाइल होणाऱ्या भाषेत तिथे फक्त बायनरी असते, तिच्यात हात घालता येत नाही. म्हणून बदलत्या गोष्टी कॉन्फिग फाइलमध्ये काढायच्या.

इथपर्यंत सगळ्यांना पटतं. उशिरा कळते ती गोष्ट वेगळीच: ही फाइल कंपायलरने कधी पाहिलेलीच नसते. कोडमध्ये पोर्टच्या जागी अक्षरं टाकली तर बिल्डच होत नाही. फाइलमध्ये टाकली तर बिल्ड सुरळीत होतं आणि तमाशा प्रोग्रॅम चालू केल्यावर होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे होतच नाही आणि प्रोग्रॅम चुकीच्या आकड्यावर गुपचूप चालत राहतो. या लेखात जे काही करायचं आहे ते एवढ्यासाठीच: फाइल आत येते त्या दारातच तिची झडती घ्यायची, म्हणजे आतल्या कोडला टाइपवर पुन्हा डोळे मिटून विसंबता येईल.

उदाहरणासाठी गो घेतली आहे. जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायचा एक फॉरमॅट) वाचणारं पॅकेज भाषेसोबतच येतं, बाहेरून काही आणावं लागत नाही. शिवाय हे पॅकेज बऱ्याच चुका मुकाट्याने गिळतं, त्यामुळे शिकण्यासाठी चांगलं आहे.

फॉरमॅट निवडा, पण फार वेळ घालवू नका

जेसन, टॉमल, यामल हे तीन मुख्य पर्याय. जेसनचे नियम थोडके आणि पक्के आहेत. २०१७ सालचा आरएफसी ८२५९ हा त्याचा सध्याचा प्रमाण दस्तऐवज. त्रास एवढाच की त्यात कॉमेंट लिहिता येत नाही आणि शेवटच्या ओळीनंतर स्वल्पविराम राहिला की फाइल बाद. टॉमल माणसाने हाताने लिहायलाच बनवलं आहे. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते २०१३ मध्ये आणलं आणि १.० आवृत्ती २०२१ मध्ये आली. कॉमेंट चालतात, तारखांना स्वतःचा टाइप आहे. गोमध्ये मात्र त्यासाठी बाहेरचं पॅकेज लागतं.

यामल दिसायला सर्वांत देखणं, पण ते तुमच्या मनातलं ओळखायचा प्रयत्न करतं. १.१ आवृत्तीचे नियम पाळणारा पार्सर (फाइलचा मजकूर वाचून अर्थ लावणारा कोड) अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या 'नो' या शब्दाचा अर्थ 'खोटं' असा लावतो. त्यामुळे देशांच्या यादीतला नॉर्वेचा दोन अक्षरी कोड बूलियन होऊन बसतो. शून्याने सुरू होणारा ०१० हा आकडा अष्टमान (८ पायाचा) धरला जाऊन ८ होतो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम सुधारले, तरी जुन्या नियमांचे पार्सर अजून वापरात आहेत. यामल वापरायचंच असेल तर मजकुराला न चुकता अवतरणचिन्हं द्या.

पहिल्यांदा करत असाल तर जेसन घ्या. पुढचं जवळपास सगळं इतर फॉरमॅटनाही लागू पडतं.

फाइल लिहा

{
  "होस्ट": "१२७.०.०.१",
  "पोर्ट": ८०८०,
  "टाइमआउट": "३०एस",
  "लॉग": {
    "लेव्हल": "इन्फो",
    "फाइल": "सर्व्हर.लॉग"
  }
}

लेख देवनागरीत आहे म्हणून नमुनाही देवनागरीत दिला. प्रत्यक्ष फाइलमध्ये नावं रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी (0 ते 9) टाइप करा. आकड्यांच्या बाबतीत तर पर्यायच नाही: जेसनला देवनागरी अंक कळत नाहीत, ८ दिसताच सिंटॅक्स एरर येते. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात मात्र जेसनला देवनागरीची काहीच अडचण नाही; फक्त होस्टचा पत्ता आणि टाइमआउट तिथेही रोमनच (127.0.0.1, 30s) लिहा, कारण पुढे ते गोला वाचायचे आहेत. फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि एडिटर 'बॉमसह' असा पर्याय देत असेल तर तो टाळा. बॉम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बसणारे तीन अदृश्य बाइट. गोचं जेसन पॅकेज त्यांच्यावरच अडखळतं आणि पहिलंच अक्षर अवैध असल्याची तक्रार करतं. एडिटरमध्ये पाहावं तर पहिलं अक्षर स्वच्छ महिरपी कंस असतो. माणूस चक्रावतो.

विंडोजचे पाथ लिहिताना आणखी एक खड्डा आहे. जेसनमध्ये उलटी तिरकी रेघ ही एस्केपची खूण असते. तिच्यापुढे टी आला की टॅब होतो, एन आला की नवी ओळ. 'टेम्प' नावाच्या फोल्डरचा पाथ एकेरी रेघेने लिहिलात तर कुठलीही एरर न येता पाथमध्ये टॅब शिरतो आणि 'फोल्डर सापडत नाही' असं ऐकू येतं. रेघ दुहेरी लिहा, किंवा सरळ पुढे झुकलेली रेघ वापरा. गोची फाइल फंक्शन्स विंडोजवर तीही स्वीकारतात.

स्ट्रक्ट बनवा

फाइलचा जो आकार आहे त्याच आकाराचा स्ट्रक्ट (फील्ड नावाच्या कप्प्यांचा बनलेला टाइप) लिहायचा. कॉन्फिग नावाचा स्ट्रक्ट, त्यात होस्ट स्ट्रिंग, पोर्ट यूइंट१६, टाइमआउटचं पुढे बघू, आणि लॉग हा आतला दुसरा स्ट्रक्ट. प्रत्येक फील्डसमोर बॅकटिकच्या जोडीत जेसन टॅग लिहून फाइलमधलं नाव द्यायचं.

पोर्टसाठी साधा इंट (पूर्णांक) न घेता यूइंट१६ (शून्य किंवा धन पूर्णांकच मावणारा टाइप) का? कारण पोर्टची कमाल मर्यादा ६५५३५ आहे आणि यूइंट१६ ची मर्यादाही नेमकी तेवढीच. फाइलमध्ये कुणी ७०००० लिहिलं, उणे १ लिहिलं, किंवा आकडा अवतरणचिन्हांत टाकला, तर पार्सरच एरर देतो. जी तपासणी टाइप करून देतो ती हाताने कशाला लिहायची?

आता या लेखातली सगळ्यात महाग चूक. गोमध्ये मोठ्या अक्षराने सुरू होणारं फील्डच पॅकेजच्या बाहेर दिसतं. जेसनचा कोड वेगळ्या पॅकेजात राहतो, त्यामुळे लहान अक्षराने सुरू होणारं फील्ड त्याच्या लेखी अस्तित्वातच नसतं. एरर येत नाही, फील्ड रिकामं राहतं. माझ्या पहिल्यावहिल्या सर्व्हरमध्ये पोर्टचा पी मी लहान लिहिला होता. पोर्ट शून्य राहिला. आणि शून्य पोर्टवर ऐकायला सांगितलं की ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा असलेला कुठलाही पोर्ट देऊन टाकते! सर्व्हर दरवेळी 'सुरू झाला' म्हणायचा आणि दरवेळी वेगळ्याच दारावर उभा असायचा. अर्धा दिवस मी फायरवॉलला शिव्या दिल्या.

'गो व्हेट' ही कमांड चालवली असती तर तिने लगेच सांगितलं असतं की या फील्डला टॅग आहे पण ते बाहेर दिसत नाही. ती कमांड बिल्डच्या आधी चालवायची सवय आजच लावून घ्या.

फील्डची नावं देवनागरीत ठेवायची हौस असेल तर तीही इथेच आवरा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, म्हणून 'घर' हे फील्ड गोच्या दृष्टीने कायम आतलंच. 'पोर्ट' तर आयडेंटिफायर म्हणून कंपाइलही होत नाही, कारण काना-मात्रा आणि हलन्त यांना युनिकोड 'अक्षर' या वर्गात धरत नाही. टॅगमध्ये 'पोर्ट' लिहिलं तर जेसन पॅकेज त्याच कारणाने तो टॅग अवैध ठरवतं आणि न बोलता बाजूला सारतं.

फाइल वाचा, पण आधी ती कुठून उघडतेय ते पाहा

वाचणं एका ओळीचं काम आहे. ओएस पॅकेजमधलं रीडफाइल हे फंक्शन पाथ घेतं आणि बाइट व एरर परत देतं. घोळ पाथचा असतो. नुसतं 'कॉन्फिग.जेसन' लिहिलं तर ते बायनरीच्या शेजारी शोधलं जात नाही. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालू केला तिथे शोधलं जातं. टर्मिनलमध्ये तुम्ही नेमके त्याच फोल्डरमध्ये उभे असता म्हणून चालतं. सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा चालवणारा प्रोग्रॅम) सेवा म्हणून चालू केलं की कामाचं फोल्डर रूट (/) होतं, आणि फाइल गायब.

यावर 'बायनरीचा पाथ विचारू आणि तिच्या शेजारी बघू' असा उपाय सुचतो. तो 'गो रन' वापरताना फसतो, कारण ती कमांड बायनरी तात्पुरत्या फोल्डरमध्ये बनवते. मला पटलेला मार्ग साधा आहे: पाथ कमांड-लाइनवर फ्लॅगने द्या आणि फ्लॅग दिला नसेल तरच ठरलेल्या जागी बघा. ती जागा हवी असेल तर ओएस पॅकेजमधलं यूजरकॉन्फिगडिर फंक्शन प्रत्येक सिस्टिमच्या रिवाजाप्रमाणे फोल्डर सांगतं.

एरर आली तर तिला पूर्ण पाथ जोडूनच वर पाठवा. एफएमटी पॅकेजच्या एररएफमध्ये पर्सेंट-डब्ल्यू वापरलं की मूळ एरर आत शाबूत राहते, आणि पुढे एरर्स-इझने 'फाइल नव्हतीच' आणि 'फाइल होती पण वाचायची परवानगी नव्हती' हे दोन प्रसंग वेगळे करता येतात. पहिल्यात डिफॉल्टवर चालणं कदाचित योग्य ठरेल. दुसऱ्यात तसं करणं म्हणजे वापरणाऱ्याने लिहिलेली फाइल बाजूला टाकून त्याला पत्ताही न लागू देणं.

पार्स करा

अनमार्शल या फंक्शनला बाइट द्यायचे आणि स्ट्रक्टचा पॉइंटर (त्याचा मेमरीतला पत्ता) द्यायचा. पॉइंटर विसरलात तर एरर येते, आणि व्हेटही टोकतं.

एरर आली की तो स्ट्रक्ट फेकून द्या. टाइपची चूक सापडल्यावरही अनमार्शल उरलेली फील्ड भरत राहतं आणि शेवटी पहिली एरर परत देतं. म्हणजे अर्धवट भरलेला स्ट्रक्ट हातात असतो. 'बाकीचं तर आलंय' म्हणून तो वापरणं धोक्याचं.

वापरणाऱ्याला एरर समजेल अशी दाखवणं हे थोडं कष्टाचं, पण करण्यासारखं काम आहे. सिंटॅक्स एररमध्ये ऑफसेट नावाचं फील्ड असतं: फाइलच्या सुरुवातीपासून कितव्या बाइटवर गाडी अडली. माणसं बाइट मोजत नाहीत, ओळी मोजतात. म्हणून त्या ऑफसेटपर्यंतच्या बाइटमध्ये नव्या ओळीची चिन्हं मोजा, एक मिळवा, आणि 'ओळ ७' असं सांगा. शेवटी राहिलेल्या स्वल्पविरामाची एरर बहुधा पुढच्या ओळीवरच्या बंद कंसाकडे बोट दाखवते, तेव्हा एक ओळ वर बघायची सूचनाही जोडून द्या. टाइपची एरर वेगळ्या प्रकारची असते आणि तिच्यात फील्डचं नाव मिळतं. एरर्स-अ‍ॅज वापरून दोन्ही ओळखता येतात.

फाइलमध्ये 'पोर्ट'ऐवजी 'प्रोट' लिहिलं तर? अनमार्शलला 'प्रोट' नावाचं फील्ड सापडत नाही आणि ते पुढे निघून जातं. पोर्ट पुन्हा शून्य. हे बंद करायला अनमार्शलऐवजी डिकोडर घ्या आणि त्याच्यावर डिसअलाउ-अननोन-फील्ड्स चालू करा, गो १.१० पासून ही सोय आहे. मग अनोळखी नाव दिसताच एरर येते. मात्र डिकोडर हा एकामागून एक जेसन वाचण्यासाठी बनलेला आहे. तो पहिलं मूल्य वाचून थांबतो, त्यामागे कचरा असला तरी त्याला फरक पडत नाही. म्हणून एकदा वाचून झालं की आणखी एकदा डिकोड करा आणि 'फाइल संपली' हेच उत्तर येतंय ना ते बघा. ही दुसरी तपासणी बरेच जण विसरतात. दोन फाइली चुकून एकाखाली एक चिकटल्या की तिचं महत्त्व कळतं.

स्ट्रक्टची कटकट नको म्हणून सगळं मॅपमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या संचात) वाचायचा मोह होईल. करू नका. मॅपमध्ये प्रत्येक आकडा फ्लोट६४ (दशांश संख्यांचा टाइप) होऊन येतो आणि २ चा ५३ वा घात, म्हणजे ९,००७,१९९,२५४,७४०,९९२, याच्या पुढचे पूर्णांक नेमके राहतीलच असं नाही. सतरा-अठरा अंकी आयडी असला की गेलाच. शिवाय प्रत्येक ठिकाणी टाइप विचारत बसावं लागतं. मग कंपाइल होणारी भाषा घेतली कशाला?

डिफॉल्ट

गोमध्ये न दिलेलं फील्ड शून्य, रिकामी स्ट्रिंग किंवा 'खोटं' असतं. 'दिलंच नाही' आणि 'मुद्दाम शून्य दिलं' यांत फरक उरत नाही, आणि शून्याला स्वतःचा अर्थ असतो तेव्हा हे अंगाशी येतं. एचटीटीपी क्लायंटचा टाइमआउट शून्य म्हणजे 'लगेच थांब' नव्हे, 'कधीच थांबू नकोस'.

उपाय सोपा आहे. पार्स करण्याआधीच स्ट्रक्टमध्ये सगळी डिफॉल्ट मूल्यं भरून ठेवा आणि त्याच स्ट्रक्टवर फाइल वाचा. फाइलमध्ये जे नाव नाही त्या फील्डला पार्सर हात लावत नाही, त्यामुळे डिफॉल्ट जागच्या जागी राहतं. आतल्या लॉग स्ट्रक्टलाही हेच लागू. यादी आणि मॅप मात्र वेगळे वागतात: यादी फाइलमध्ये आली की डिफॉल्ट यादी पूर्ण पुसली जाते, तर मॅपमध्ये जुन्या नोंदी राहून नव्या त्यात मिसळतात. या फरकाने एकदा तरी गाठलेला माणूस तो आयुष्यभर विसरत नाही.

'दिलंय की नाही' हे खरोखर ओळखायचं असेल तर त्या फील्डचा टाइप पॉइंटर करा. निल (रिकामा पॉइंटर) म्हणजे दिलं नाही. पण हे अपवादानेच. सगळा स्ट्रक्ट पॉइंटरचा केलात तर वापरताना प्रत्येक ठिकाणी निल तपासत बसाल.

टाइमआउटचं राहिलं होतं

गोमध्ये कालावधीला ड्युरेशन हा टाइप आहे आणि आतून तो नॅनोसेकंदांचा पूर्णांक आहे. फाइलमध्ये ३० लिहिलं आणि थेट ड्युरेशनमध्ये वाचलं तर तीस सेकंद होत नाहीत, तीस नॅनोसेकंद होतात. सेकंदाचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोसेकंद. एवढ्या वेळात कुठलीही विनंती पुरी होणार नाही. बरं, "३०एस" अशी स्ट्रिंग लिहिली तर जेसन पॅकेज ती ड्युरेशनमध्ये घ्यायला नकार देतं.

म्हणून ड्युरेशनभोवती स्वतःचा छोटा टाइप बांधा आणि त्याला अनमार्शलटेक्स्ट ही मेथड द्या. आत फक्त टाइम पॅकेजमधलं पार्सड्युरेशन बोलवायचं. जेसन पॅकेजला ती मेथड दिसली की स्ट्रिंग तिच्याकडे सोपवली जाते. चार-पाच ओळींचं काम आहे. "३०एस", "५एम", "१एच३०एम" सगळं चालू लागतं, फाइल वाचणाऱ्याला एकक दिसतं, आणि नुसता ३० लिहिला तर एरर येते, जे आपल्याला हवंच आहे. लॉग-लेव्हलसारख्या ठरावीक शब्दांसाठीही हीच युक्ती वापरा.

अर्थ तपासा

टाइप बरोबर म्हणजे मूल्य बरोबर असं नाही. पोर्ट शून्य यूइंट१६ मध्ये बसतो. उणे पाच सेकंदांचा टाइमआउटही पार्स होतो. यासाठी कॉन्फिगवर व्हॅलिडेट नावाची मेथड लिहा आणि पार्सनंतर ताबडतोब बोलवा. पहिल्या चुकीवर परत फिरू नका. सगळ्या गोळा करून एरर्स-जॉइनने एकत्र परत द्या, गो १.२० पासून ते मिळतं. एक चूक दुरुस्त करावी, चालू करावं, तर दुसरी चूक, असं पाच वेळा करायला लावणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल कुणालाही प्रेम वाटत नाही.

चूक असेल तर सर्व्हर सुरूच होऊ देऊ नका. मेन फंक्शनमध्ये, कुठलाही पोर्ट उघडण्याआधी, स्पष्ट संदेश देऊन शून्येतर कोडने बाहेर पडा. रात्री तीन वाजता बंद पडण्यापेक्षा दुपारी चालूच न झालेलं बरं.

पासवर्ड फाइलमध्ये नको

डेटाबेसचा पासवर्ड, एपीआयच्या चाव्या या गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्रॅम चालू करताना त्याला बाहेरून मिळणारी नावं-मूल्यं) घ्या. फाइलमध्ये ठेवणं भागच असेल तर ती गिटमध्ये जाऊ देऊ नका आणि तिची परवानगी ०६०० ठेवा, म्हणजे मालकाशिवाय इतर वापरकर्त्यांना वाचता येणार नाही. आणि सुरुवातीला 'हे कॉन्फिग मिळालं' म्हणून अख्खा स्ट्रक्ट लॉगमध्ये छापायची खोड सोडा. पासवर्ड तिथूनही फुटतात.

व्हेरिएबल वाचताना गेटएन्व्हऐवजी लुकअपएन्व्ह वापरा. पहिलं न दिलेल्या आणि रिकाम्या व्हेरिएबलसाठी तीच रिकामी स्ट्रिंग देतं. दुसरं ते होतं की नव्हतं हेही सांगतं. क्रम असा ठेवा की डिफॉल्टवर फाइल चढते, फाइलवर एन्व्हायर्नमेंट, आणि कमांड-लाइनवरचा फ्लॅग सगळ्यांच्या वर. व्हॅलिडेट हे सगळं झाल्यावर, शेवटी.

टेस्ट

कॉन्फिग वाचणाऱ्या फंक्शनला पाथ न देता आयओ-रीडर (कुठूनही बाइट वाचू देणारा टाइप) द्या. फाइल उघडणं बाहेर करा. मग टेस्टमध्ये खऱ्या फाइली लागत नाहीत, स्ट्रिंगमधूनच रीडर बनवता येतो. बरोबर फाइलची एक टेस्ट पुरे. वाईट फाइलींच्या मात्र डझनभर लिहा: रिकामी फाइल, शेवटी स्वल्पविराम, चुकीचं नाव, पोर्ट ७००००, पोर्ट अवतरणचिन्हांत, एकाखाली एक दोन जेसन, बॉम असलेली. प्रत्येकीला एरर यायलाच हवी. एखादी बिनबोभाट पास झाली, तर दाराला कुठे फट आहे ते तुम्हाला सापडलं.

हेच काम रस्ट भाषेत सर्डे ही लायब्ररी वापरून कराल तेव्हा सवयी थोड्या उलट्या वाटतील. तिथे न दिलेलं फील्ड मुळातच एरर आहे. चालवून घ्यायचं असेल तर तसं लिहून द्यावं लागतं. अनोळखी नावं मात्र तिथेही सोडून दिली जातात आणि ती अडवण्यासाठी स्ट्रक्टवर डिनाय-अननोन-फील्ड्स लिहावं लागतं. वाईट फाइलींची वरची यादी तशीच तिकडे न्या.